निदानावाचून बिल ही राजरोस लूट आहे!

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. मालक घाबरून गाडी गॅरेजला नेतो. स्कॅनर लावला जातो, पडद्यावर एक कोड उमटतो आणि दुसऱ्याच मिनिटाला फर्मान सुटते, ऑक्सिजन सेन्सर बदला! सेन्सर बदलतात, कोड उडवतात, बिल हातात ठेवतात. आठवडा उलटत नाही तोच दिवा पुन्हा हजर. मग दुसरा सेन्सर, मग इग्निशन कॉइलचा अख्खा संच, मग थ्रॉटल बॉडी, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. एवढे सगळे होऊनही दिवा विझत नाही तेव्हा तोच माणूस मान हलवून सांगतो, 'साहेब, आता ईसीएमच, म्हणजे इंजिनाचा संगणकच गेला असणार.' आम्ही जाहीरपणे विचारतो, निव्वळ अंदाजावर दुसऱ्याच्या घामाचे पैसे उडवण्याचा हा परवाना या लोकांना दिला कोणी? पहिला पार्ट चुकीचा ठरला तेव्हा त्याचे पैसे परत का केले नाहीत? दुसरा चुकला तेव्हा तरी लाज का वाटली नाही?

हा एखाद्या भुरट्या मिस्त्रीचा दोष असता तर त्यासाठी अग्रलेखाची जागा खर्ची घालण्याचे कारण नव्हते. पण रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडपासून थंडगार काचेच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत हीच रीत रुजली आहे. शेडमध्ये ती अज्ञानापोटी चालते, काचेआड ती पार्टविक्रीच्या टार्गेटपोटी चालते. यातले दुसरे पाप अधिक मोठे. तिथे शिकलेली माणसे आहेत, महागडी यंत्रे आहेत, कंपनीची दुरुस्ती-पुस्तिका संगणकावर उघडता येते. त्या पुस्तिकेत प्रत्येक कोडपुढे चाचण्यांची क्रमवार वाट आखलेली असते. आधी हा फ्यूज पाहा, मग या पिनवर व्होल्टेज मोजा, मग या वायरीचा रोध मोजा, आणि पार्ट बदलण्याची आज्ञा या वाटेच्या अगदी शेवटी येते. ही मंडळी वाटेवर पाऊलच टाकत नाहीत, थेट शेवटच्या ओळीवर उडी मारतात. कारण मधल्या चाचण्यांचे बिल होत नाही आणि शेवटच्या ओळीचे होते.

एकदा नीट समजून घ्या. कोड ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. पी०१७१ हा कोड एवढेच सांगतो की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. का कमी पडते, हे तो सांगत नाही. इनटेकची नळी फाटली असेल, पेट्रोल पंप थकला असेल, फिल्टर तुंबला असेल, इंजेक्टर चोंदले असतील, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ बसली असेल, सेन्सरच्या आधी सायलेन्सरला भोक पडले असेल. सहा संशयित समोर उभे आहेत. अशा वेळी ज्याने ही तक्रार नोंदवली त्या ऑक्सिजन सेन्सरलाच पकडून फासावर चढवायचे, हा कुठला न्याय? तो बिचारा आपले काम चोख करत होता म्हणूनच तर दिवा लागला!

आणि हा दिवा गाडीत आला कशासाठी, हेही या व्यापाऱ्यांच्या कानी घातले पाहिजे. गेल्या शतकाच्या मध्याला लॉस एंजेलिस शहर धुरकट, डोळे झोंबवणाऱ्या हवेत गुदमरत होते. कॅलटेकचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी त्या धुरक्याचे मूळ मोटारींच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या वाफांत आहे हे दाखवून दिले. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापले. गाडीने स्वतःच्या धुराची राखण स्वतः करावी आणि बिघाड झाला की चालकाला इशारा द्यावा, ही सक्ती त्याच राज्यात १९८८ च्या मॉडेलांपासून सुरू झाली. १९९६ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या मोटारीला एकसारखे सोळा पिनांचे सॉकेट आणि एकसारखी कोडांची भाषा लागू झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांना ती २००१ मध्ये आली. आपल्याकडे बीएस-४ च्या टप्प्यात ही व्यवस्था रुजू लागली आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ने ती अधिक कडक केली. म्हणजे हा दिवा लोकांच्या फुप्फुसांच्या रक्षणासाठी जन्मला. कोणत्याही गॅरेजला कोणत्याही गाडीचा दोष वाचता यावा, मालक एका दुकानाचा बांधील राहू नये, हीही त्या एकसारख्या सॉकेटची देणगी होती. त्याच दिव्याला आज पार्ट खपवणारा दलाल केले आहे!

फुकटात होणारी चाचणीसुद्धा हे लोक करत नाहीत, याचा आम्हाला सर्वांत अधिक संताप आहे. पी०३०२ घ्या. दुसरा सिलिंडर मिसिंग करतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक सिलिंडरवर वेगळी कॉइल असलेल्या गाडीत दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर बसवा आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला, म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला. कॉइल खराब, बदला, एकच बदला. कोड जागचा हलला नाही तर कॉइल निर्दोष आहे. आता प्लगची अशीच अदलाबदल करा, त्यानंतर इंजेक्टरकडे वळा, मग कॉम्प्रेशन मोजा. कॉइल-प्लगच्या या अदलाबदलीला एक पाना आणि थोडा वेळ लागतो, रुपया लागत नाही. असे असताना चारही कॉइल आणि चारही प्लग एका फटक्यात बदलून 'आता निर्धास्त व्हा' म्हणणारा माणूस कारागीर नव्हे. तीन चांगल्या कॉइल त्याने कचऱ्यात टाकल्या आणि त्यांचे पैसे मालकाकडून वसूल केले. याला लूट म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

दुसरे उदाहरण याहून लाजिरवाणे. पी०१३५ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष. सर्किट! त्यात फ्यूज आला, रिले आला, वायर आली, कपलर आला, अर्थिंग आले आणि अगदी टोकाला सेन्सर आला. कपलर सोडवून बारा व्होल्ट पोहोचतात की नाही हे साध्या टेस्ट लॅम्पने कळते. पोहोचत नसतील तर नवाकोरा सेन्सर बसवूनही दिवा लागणारच, कारण जळालेला फ्यूज तसाच बसून आहे. पाच-दहा रुपयांच्या फ्यूजपायी हजारोंचा सेन्सर विकणाऱ्याला आम्ही अडाणी म्हणून सोडून द्यायला तयार नाही. अडाण्याने निदान विचारावे तरी!

आता पी०४२० कडे या, कारण या कोडाच्या नावाने जेवढी लूट होते तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाच्या नावाने होत असेल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता अपेक्षेहून कमी, असे हा कोड म्हणतो. कन्व्हर्टरच्या पोटात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असले मौल्यवान धातू असतात, म्हणून तो महाग. आणि महाग, म्हणून त्यावर डोळा. पण गाडीतल्या संगणकाला कन्व्हर्टर डोळ्यांनी दिसत नाही. त्याच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर बसवलेले असतात, आणि त्या दोघांच्या साक्षीवरून संगणक तर्क करतो. साध्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये पुढच्याचे व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ च्या दरम्यान भराभर खालीवर होते. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर तो ऑक्सिजन धरून ठेवतो आणि मागच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.६-०.७ च्या आसपास शांत राहते. मागचाही पुढच्याच्या तालावर नाचू लागला की कोड पडतो.

पण मागचा सेन्सर दुसऱ्या कारणानेही नाचतो. सायलेन्सरच्या जोडाला किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटला बारीक फट पडली, की धुराच्या प्रत्येक ठोक्यामागे बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि बळी कन्व्हर्टरचा पडतो. म्हणून आधी इंजिन थंड असताना चालू करून फटफट आवाज ऐका, जोडांवर काळी काजळी शोधा, धूर सोडून गळती पाहा. मग इंजिन पूर्ण तापवा, फेरे अडीच हजारांवर स्थिर धरा आणि दोन्ही सेन्सरचे आलेख शेजारी शेजारी पाहा. इतके करूनही कन्व्हर्टर मेलेला निघाला, तर पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय नवा बसवणे हा दुसरा अपराध आहे. मेला कशाने? मिसिंगने न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन पेटत होते? इंजिन ऑइल खात होते? कूलंट आत गळत होता? कन्व्हर्टर आपणहून सहसा मरत नाही, त्याला कोणीतरी मारते. मारेकरी मोकळा ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार आणि मालकाला दुसऱ्यांदा तेवढेच पैसे मोजावे लागणार. ज्या गॅरेजवाल्याने ही चौकशी केली नाही, त्याने दुसऱ्या कन्व्हर्टरचे पैसे आपल्या खिशातून भरले पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इथेच एक इशारा द्यायला हवा. निदानाचा आग्रह म्हणजे दुरुस्तीची टाळाटाळ नव्हे. दिवा स्थिर जळत असेल आणि गाडी नीट चालत असेल तर शांतपणे तपास करायला वेळ मिळतो. पण तो लुकलुकू लागला तर कन्व्हर्टर जाळणारे मिसिंग त्याच क्षणी चालू आहे. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. त्याच्याबरोबर तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर इंजिन बंदच करा.

पी०१७१ चा उलगडा करण्याची वाटही उघडी आहे. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम नावाचे आकडे दिसतात. संगणकाला ठरल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी द्यावे लागते आहे, हे ते सांगतात. शून्याच्या आसपास ते असावेत, सतत दहाच्या पलीकडे गेले की काहीतरी बिनसले. हवेचे वस्तुमान मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत आयडलला ट्रिम वीस टक्के आणि अडीच हजार फेऱ्यांना चार टक्के दिसला, तर कुठेतरी चोरवाटेने हवा शिरते आहे. उलट चढावर, भार पडल्यावर ट्रिम वाढत गेला तर पेट्रोलचा पुरवठा तपासा. मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असलेल्या गाडीत मात्र हाच आडाखा जसाच्या तसा लागू पडत नाही. तिथे चोरवाटेच्या हवेने आयडल चढते आणि ट्रिम फारसा हलतही नाही. म्हणून कुठल्यातरी परदेशी गाडीचा व्हिडिओ पाहून आपल्या गाडीचा इलाज करणाऱ्यांनीही जपून असावे. आधी बॉनेटखाली कोणता सेन्सर आहे ते पाहा.

आता त्या कृत्याबद्दल, जे या सगळ्या व्यवहाराच्या मुळाशी आहे. गाडी आली की पहिल्या मिनिटाला कोड उडवायचा! हे पुरावा नष्ट करणे आहे. कोड पडतो त्या क्षणाची नोंद संगणक जपून ठेवतो. इंजिन किती तापलेले होते, फेरे किती होते, वेग किती, भार किती, ट्रिम किती, हे सारे फ्रीझ फ्रेम नावाच्या त्या नोंदीत असते. थंड इंजिनावर सकाळी पडलेला कोड आणि खंबाटकी घाटात चढावर पडलेला कोड, दोघांचा आकडा एक असला तरी कारणे निराळी असतात. घटनास्थळाचा हा पंचनामा एका बटनाने पुसून टाकायचा आणि मग अंधारात पार्ट बदलत बसायचे! बॅटरीची वायर काढून 'रिसेट' करणारेही हेच पातक करतात.

यातला डाव ओळखा. बहुतेक कोडांसाठी संगणक एका चुकीवर दिवा लावत नाही. गाडी चालवण्याच्या दोन फेऱ्यांत तोच दोष दिसला तर लावतो, आणि काही चाचण्या तो विशिष्ट वेग, विशिष्ट तापमान मिळाल्यावरच घेतो. म्हणून कोड उडवल्यावर दिवा काही दिवस गप्प राहतो. त्या काही दिवसांच्या शांततेवर बिल वसूल होते. मालकाच्या हातात यावर एक शस्त्र आहे. कोड उडवला की संगणकाच्या स्वतःच्या तपासण्याही 'अपूर्ण' दिसू लागतात. साधा ब्लूटूथ अडॅप्टर सॉकेटमध्ये खोचून मोबाइलवर पाहा. गाडी ताब्यात घेताना ऑक्सिजन सेन्सर, कन्व्हर्टर या तपासण्या अपूर्ण असतील, तर दुरुस्ती सिद्ध झालेली नाही. दिवा फक्त विझवलेला आहे. सगळ्या तपासण्या पूर्ण होऊन, प्रलंबित कोडांची यादी रिकामी राहिली, तरच काम झाले म्हणायचे. दोष खरोखर गेला असेल तर सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपणहून विझतो. त्यासाठी कोणाच्या बटनाची गरज नाही.

वारंवार लागणारा आणि विझणारा दिवा तर आपल्या हवामानाची साक्ष देत असतो, आणि ती ऐकायला कोणी तयार नाही. पावसात लागतो, उन्हात विझतो, तर कपलरमध्ये पाणी शोधा. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, पिनांवर हिरवा थर चढतो. तो खरवडून, साफ करून, कपलर घट्ट बसवला की कित्येक 'मेलेले' सेन्सर जिवंत होतात. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर शिरतात आणि हार्नेस कुरतडतात. खड्ड्यांतून आदळून अर्थिंगचा बोल्ट सैल होतो. बॅटरी थकली की सेन्सर भलतेच आकडे देतात. इंजिन बंद असताना बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळतात का, हे मल्टिमीटरने आधी पाहायचे की पाच हजारांचा पार्ट आधी मागवायचा? नाना पेठेत पार्ट आणायला पोऱ्याला पिटाळण्याआधी बॉनेटखाली विजेरी फिरवून एकेक वायर हाताने चाचपणारा मिस्त्री आजही आहे. अशा कारागिराला आमचा नमस्कार. त्याच्या पोटावर हे पार्टबदलू पाय देत आहेत, म्हणूनही आमचा राग आहे.

डिझेलवाल्यांची कथा वेगळी, पण लूट तीच. बीएस-६ डिझेल गाडीतला काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो. त्याला तापायला सलग, वेगाची धाव लागते. कोथरूड ते शिवाजीनगर एवढ्याच कोंडीत रोज रखडणाऱ्या गाडीत ती मिळत नाही, काजळी साचते, दिवा लागतो. अशा गाडीला आधी महामार्गावर पळवा, मग कंपनीच्या स्कॅनरने सक्तीचे रिजनरेशन करवून घ्या, दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या रबरी नळ्या फाटल्या नाहीत ना ते पाहा. हे सोडून काही गॅरेजे काय करतात? फिल्टरच पोखरून टाकतात आणि संगणकाची स्मृती बदलून त्याला आंधळा करतात! ही दुरुस्ती नव्हे, हा शेजारच्या शाळेतल्या मुलांच्या छातीत काजळी भरण्याचा धंदा आहे, आणि मोटार वाहन कायद्याने तो गुन्हा आहे. करणारा आणि पैसे देऊन करवून घेणारा, दोघेही गुन्हेगार.

मोटार कंपन्यांना तरी मोकळे का सोडावे? २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हा त्यांच्यावरचा ठपका होता. कंपन्या वरच्या न्यायपीठांकडे धावल्या. वर्षे लोटली. छोट्या गॅरेजवाल्याला आजही कित्येक मॉडेलांची वायरिंगची आकृती सहज मिळत नाही. ज्याच्या हातात नकाशा दिला नाही तो अंधारात चाचपडणार, आणि त्याच्या चाचपडण्याचे बिल गिऱ्हाईक भरणार. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. पोर्टल चांगले. पण वायरिंगच्या आकृत्या आणि चाचणीचे क्रम वाजवी दरात खुले करण्याची सक्ती कायद्याने होईपर्यंत त्याला दात नाहीत. पुण्याच्या टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था उभी आहे, चाकणला देशातले मोठे मोटार कारखाने आहेत, गावोगावच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालतो. एवढे सगळे एका राज्यात असताना इथला मेकॅनिक मल्टिमीटर हाती घ्यायला कचरतो, ही शासनाची नामुष्की आहे. सेन्सरचा आलेख वाचता आल्याशिवाय एकाही विद्यार्थ्याला प्रमाणपत्र देऊ नका!

आणि ग्राहकहो, तुमचाही कान धरला पाहिजे. दोन तास डोके घालून फाटकी नळी शोधणाऱ्याला तुम्ही 'काही बदललेच नाहीस, मग कसले पैसे?' असे विचारता. नुसत्या तपासणीचे हजार रुपये तुम्हाला जड जातात आणि नको असलेल्या सेन्सरचे सात हजार तुम्ही मुकाट्याने मोजता. तपासणीला मोल नाही हे तुम्हीच त्याला शिकवले. मग तो पार्ट विकणारच. निदान हे काम आहे, त्याचे वेगळे पैसे द्या आणि त्या पैशांच्या बदल्यात पुरावा मागा.

आमची मागणी साधी आहे आणि तीत तडजोड नाही. कोड उडवण्याआधी तो आणि त्याची फ्रीझ फ्रेम जॉब कार्डवर छापून मालकाला द्यावी. प्रत्येक नव्या पार्टपुढे तो का बदलला, कोणती चाचणी केली आणि कोणता आकडा मिळाला हे लिहावे. आकडा नाही तर पार्ट नाही! जुना पार्ट मालकाच्या हाती परत द्यावा. तोच कोड त्याच कारणाने परतला तर दुसऱ्या दुरुस्तीचे लेबर गॅरेजने सोसावे. हे जो लिहून देणार नाही त्याच्या दारात गाडी नेऊ नका. ज्यांची आधीच फसवणूक झाली आहे त्यांनी बिले, जुने पार्ट आणि मोबाइलवरचे स्कॅन जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिथे दाद लागली नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जावे. दिलेल्या मोबदल्याची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिथे दाखल शुल्क नाही आणि वकील करण्याचीही सक्ती नाही. एकेका जिल्ह्यातून अशा शंभर तक्रारी एका महिन्यात दाखल होऊ द्या. मग आयोगापुढे उभे राहून या मंडळींना सांगावेच लागेल, की तीन चांगल्या कॉइल कोणत्या चाचणीच्या आधारे कचऱ्यात गेल्या.